आधी नाक, मग जीभ

नथू तायड्याने उभ्या आयुष्यात दारूचा एक थेंब जिभेला लावला नव्हता, आणि तरी सबंध इंदुरात व्हिस्कीतलं त्याच्याइतकं कळणारा दुसरा माणूस नव्हता. आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा.

बाटलीचं बूच निघालं की तो तळहातावर चार थेंब घ्यायचा, अत्तर लावावं तसे दोन्ही हात चोळायचा, ओंजळ नाकाशी न्यायचा आणि डोळे मिटून सांगायचा, "हे आयला बेटावरचं. समुद्र आहे, भिजलेला दोरखंड आहे, आणि कुणीतरी ओली माती जाळून वरून टिंक्चर ओतलंय." नाहीतर म्हणायचा, "हे स्पे नदीच्या काठचं. सफरचंद, मध, कणभर दालचिनी. शेठ लोकांना हेच आवडणार, बघ." आणि नकाशावर स्कॉटलंड दाखव म्हटलं असतं, तर बिचाऱ्याचं बोट बहुधा रशियात जाऊन पडलं असतं.

ही विद्या बापाची. बाप महूच्या फौजी मेसमध्ये आबदार होता, म्हणजे साहेबांच्या दारूच्या कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. छप्पन्न साली बापाने दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. त्यातली एक दारू न पिण्याची, आणि नोकरी तर कपाटाचीच! मग त्याने तोड काढली. तोंड बंद, नाक उघडं. गोऱ्यांच्या वेळचा साठा तो तळहातावर चोळून ओळखायचा आणि रिकाम्या बाटल्या घरी आणायचा. नथूची आई त्यात खोबरेल भरायची. तीन पाण्यांनी धुतली तरी बाटली आपला मुलूख विसरत नसे, आणि नथू डोक्याला आयला बेटाचा धूर चोपडून शाळेत जायचा. मरताना बापाने एवढंच सांगितलं होतं, "नथ्या, वास घेतला तर पाप नाही. घोट घेतला तर माझा नाहीस."

पुढे नथू मिलमध्ये लागला, सायझिंग खात्यात. तिथे सुताला खळ लावतात. खळ शिजली की कच्ची, ताजी की आंबायला लागलेली, हे बाकीचे बोट घालून बघायचे. नथू नाकाने सांगायचा. खळ जमली की तो कढईच्या कडेवर बोटाच्या पेरांनी दोनदा वाजवायचा, टकटक. ती टकटक झाल्याशिवाय खात्यात सूत हलत नसे. वीस वर्षांत ती एकदाही चुकली नाही.

मग गेटावर एक कागद चिकटला आणि हजारो माणसं एका दिवसात रिकामी झाली. कुणी शाळेपुढे कुल्फी विकायला लागला, कुणी शोरूमबाहेर टोपी घालून सलाम ठोकायला लागला, कुणी नुसताच भिंतीकडे बघत बसला. दिल्लीवाले म्हणत होते, देशाची दारं उघडली. उघडली असतील बुवा! इंदुरात त्या दारातून आधी थंड पेयं आली, मग गाड्या आल्या, मग व्हिस्की आली. आणि व्हिस्की जेवढी आली त्याच्या दहापट खपली. मधली नऊ पट कुठून आली, हे मल्हारगंजातल्या शंकररावांना विचारा.

शंकररावांचं दुकान पुठ्ठ्याच्या खोक्यांचं. मागे गोदाम. क्लबांतून, हॉटेलांतून आणि बड्या बंगल्यांतून परदेशी बाटल्या रिकाम्या झाल्या की भंगारवाल्यांमार्फत त्या या गोदामात येत, आणि चार दिवसांनी भरून परत त्याच बंगल्यांत जात. शंकररावांना कुणीतरी नथूच्या नाकाची गोष्ट सांगितली. त्यांनी त्याला बोलावून पाच बाटल्या पुढे ठेवल्या, खऱ्या, पाच मुलखांतल्या. नथूने पाचही ओळखल्या.

"वा!" शंकरराव म्हणाले. "नथूजी, नाक आहे म्हणून तुम्ही आहात हं. बाकी माणसं काय, सियागंजात थोक भावात मिळतात."

नथू हसला. पण ते वाक्य त्याच्या पोटात जाऊन बसलं ते बसलंच.

नाक मिळालं, पण जीभ? नथू तर चाखणार नाही. तेव्हा नथूनेच बंडू चिटणीसाला आणलं. बंडू मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होता. पणजोबा होळकरांच्या दरबारी लिहिणारे, आणि पणतू हजेरीच्या कार्डांवर शिक्के मारणारा. मिलमध्ये नथू त्याला 'चिटणीसजी' म्हणायचा. गेट बंद झालं तसा तो 'जी' गळाला आणि दोघे एकमेकांना अरे-तुरे करायला लागले. मिल बुडाल्याचा एवढा एकच फायदा झाला, असं बंडू म्हणायचा. बंडूची जीभ म्हणजे जीभ! पंगतीत कढीचा भुरका मारून तो आचाऱ्याला सांगायचा, "भिया, आलं कालचं वापरलंस." नाकाचा मात्र उजेड. विसाव्या वर्षापासून तपकीर ओढून ओढून ते पार मेलेलं. शेजारी उंदीर मरून पडला तरी याला पत्ता नाही.

झालं. एकाला नाक, एकाला जीभ; दोघांत मिळून एक माणूस. गोदामात मोडक्या टेबलाशी बसून या दोघा इंदोरींनी सबंध स्कॉटलंड उभं केलं. हायलँड केलं, लोलँड केलं, कॅम्पबेलटाउन केलं. सर्वांत अवघड आयला. त्यासाठी नथू मागच्या पत्र्याखाली पोती, लाकडाचा भुसा आणि कसकसली मुळं धुमसवत बसायचा, तो धूर पाण्यात धरायचा आणि पुन्हा पुन्हा हुंगायचा. नियम एकच, आणि तो नथूचा. आधी नाक, मग जीभ. स्पिरिटचा नवा डबा आला, नवं मिश्रण झालं, की पहिल्यांदा नथू तळहातावर चोळणार. पसंत पडलं की टेबलावर टकटक. तोवर बंडूने ग्लासला हात लावायचा नाही.

या नियमाने एकदा बंडूचा जीव वाचवला होता. आलेल्या डब्यातल्या स्पिरिटला नथूने नुसतं नाक लावलं आणि ताडकन उठून डबा मोरीत उपडा केला. "पॉलिशवाल्यांचा माल आहे हा! माणूस मरेल!" शंकरराव नुसतेच चडफडले. त्या दिवसापासून बंडू सगळ्यांना सांगत सुटला, "माझा जीव माझ्याजवळ नाहीच मुळी. नथूच्या नाकात ठेवलाय."

चाखणं झालं की बंडूची एक फर्माईश असायची. शंकररावांच्या कपाटातल्या त्या पाच खऱ्या बाटल्या, 'गुरू बाटल्या' म्हणायचे त्यांना, त्यातली एक उघडायची आणि नथूने नुसतं बोलायचं. "सांग ना, आज कुठे नेतोस?" नथू हात चोळायचा आणि सांगत जायचा. खडक, पाऊस, धुराडं, मेंढरं, खारा वारा. बंडू तपकिरीची डबी मुठीत धरून ऐकत बसायचा. उज्जैनपलीकडे न गेलेला माणूस, पण त्याला सगळं दिसायचं.

आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्यांची काय तऱ्हा! प्रतापराव म्हणून एक बडे गृहस्थ होते. दर महिन्याला बंगल्यावर मित्र जमवून ते व्हिस्की चाखायची बैठक घालायचे. नथूला शंकररावांनी तिथे वाढायला पाठवलं होतं. प्रतापरावांनी मल्हारगंजची आयला तोंडात घोळवली, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "हा! याला म्हणतात बेट!" शेजारच्याने मुंबईहून खरी बाटली आणली होती. ती चाखून त्यांनी तोंड वाकडं केलं. "ही डुप्लिकेट वाटते." नथू ट्रे धरून उभा होता. हसू दाबताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि घरी येताना त्याच पाण्याची त्याला लाज वाटली. दर पौर्णिमेला विहारात पंचशील म्हणताना दारूपासून दूर राहायच्या पाचव्या शीलाशी त्याचा आवाज खाली जायचा. गिरिजेला, बायकोला, त्याने सांगितलं होतं, एसेन्सचा कारखाना आहे. पीत तर नाही ना मी, असं तो स्वतःला बजावायचा.

दिवाळीत गिरिजा चिवडा परतत होती. ती दाराशी कुणाशी तरी बोलत राहिली आणि इकडे कढई करपली. घरभर काळा धूर झाला. ती धावत आली तर नथू कढईपासून चार हातांवर पाठ करून पेपर वाचत बसलेला.

"अहो, नाक कुठे गहाण ठेवलंत?" ती ओरडली.

नथू कढईकडे बघत राहिला. मग त्याने लसूण ठेचून हुंगली. रॉकेलचा डबा उघडून हुंगला. उदबत्ती लावली, विझवली, पुन्हा लावली. काही नाही. तीन वर्षं जो धूर तो गिळत बसला होता, त्या धुराने नाक खाल्लं होतं. आज येईल, उद्या येईल, सर्दी असेल, असं म्हणत त्याने पंधरा दिवस काढले. वाफारे घेतले, नाकात तूप सोडलं. नाक कुणाचं ऐकायला तयार नव्हतं.

सांगायला हवं होतं. शंकररावांना नाही तर नाही, पण बंडूला तरी! रोज गोदामाची पायरी चढताना नथू ठरवायचा की आज सांगतो. आणि रोज त्याला ते थोक भावातलं वाक्य आठवायचं, चौपन्नावं वर्ष आठवायचं, टोपी घालून सलाम ठोकणारा मिलचा जोडीदार आठवायचा. आणखीही एक गोष्ट होती, ती त्याने स्वतःशीही कधी नीट उच्चारली नाही. नाकाशिवाय नथू म्हणजे कोण? मग तो हात चोळायचा, डोळे मिटायचा, जुन्या आठवणीतलं काहीतरी सांगायचा आणि टकटक करायचा. बंडू घोट घ्यायचा, जरा गोड कर, जरा टोचतंय म्हणायचा. त्यावर निभावून न्यायचं. असे चार महिने होत आले. लबाडी अंगवळणी पडली की ती लबाडी वाटत नाही, कामच वाटायला लागतं.

होळीच्या आधी आठ दिवस नवा डबा आला. शंकररावांनी माल बदलला होता. मानपुरच्या ढाब्यावर टँकरवाले चोरून स्पिरिट काढून देतात, तिथला. "बढिया आहे आणि स्वस्त आहे," एवढंच म्हणून ते पुढे दुकानात गेले.

नथूने तळहातावर चार थेंब घेतले. चोळले. हाताला गार लागलं आणि उडून गेलं. नाकाशी ओंजळ नेली. काही नाही. पुन्हा घेतलं, पुन्हा चोळलं. काही नाही. समोर बंडू ग्लास घेऊन बसलेला, चेहऱ्यावर रोजचा तो भरवसा. आज थांब म्हण, आतून कुणीतरी म्हणत होतं. पण थांब म्हणायचं तर का ते सांगायला लागणार. तीन वर्षांत एकच डबा खराब निघाला, तो काय रोज निघतो? असं म्हणत नथूने मिश्रण केलं, आणि त्याची पेरं टेबलाकडे गेली.

टकटक.

बंडू प्यायला. तो थुंकत नसे. थुंकणं म्हणजे अन्नाचा अपमान, असं त्याचं म्हणणं. "आज जरा गोडसर आहे रे. छान आहे." धूर कमी वाटला म्हणून दुसऱ्यांदा केलं, दुसऱ्यांदा प्यायला. मग तिसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी बंडू आला नाही. डोकं फुटतंय, ओकाऱ्या होतायत, असा निरोप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता, उन्हाने खोली भरलेली असताना, तो बायकोला म्हणाला, "शशिकला, दिवा तरी लाव."

नथूला कळलं तेव्हा तो आधी गोदामाकडे धावला. बाटल्या अजून भरायच्या होत्या, नशीब! उरलेला डबा त्याने मोरीत ओतला आणि मग मोठ्या दवाखान्यात गेला. बंडू उताणा पडला होता. "सगळीकडे पांढरं आहे रे," तो म्हणाला. "खळीत बुडवल्यासारखं." डॉक्टरांनी जीव वाचवला. डोळे गेले. पोलीस आले तर बंडूने सांगितलं, रस्त्यात कुठेतरी घेतली, जागा आठवत नाही. शंकरराव गोदामाला कुलूप ठोकून कुठल्याशा साडूकडे पळाले. जाण्याआधी त्यांनी बंडूच्या घरी एक पिशवी पाठवली होती. त्यात त्या पाच गुरू बाटल्या, प्रत्येकीच्या तळाशी दोन-दोन बोटं शिल्लक. दोन डोळ्यांची एवढी भरपाई.

महिना झाला. नथू रोज संध्याकाळी बंडूकडे जायचा. त्याला पेपर वाचून दाखवायचा, हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचा. शशिकलावहिनी एकदा म्हणाल्या, "सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं तुम्ही करता." नथूला ते ऐकून कुठे तोंड लपवावं कळेना. बंडूने तर कहरच केला होता. येईल त्याला तो सांगायचा, "त्या विषाला वासच नसणार. असता तर नथूने पकडला असता. मागे पकडला नव्हता का? चूक झाली ती माझ्या जिभेची. गोड लागलं तेव्हाच थुंकायला हवं होतं."

सांगतो, आज सांगतो. गोदामाच्या पायरीवरचं तेच वाक्य नथू आता बंडूच्या पायरीवर म्हणायचा.

चैत्रातली एक संध्याकाळ. बंडू खाटेवर बसला होता, दाढी केलेली, आज जरा खुशीत. "नथू, आज पेपर नको. मला कुठेतरी ने," तो म्हणाला. "त्या पाचांतली एक शशिकलेने वाटीत ओतून ठेवलीय. कुठली ते मला माहीत नाही, तुला माहीत नाही. लेबल वाचून सांगशील म्हणून बाटली आतच ठेवलीय, चोरा! मला तर डॉक्टरने जन्माची बंद केली. तू वास घे आणि सांग. आता मला जे काय दिसायचं ते तुझ्या नाकातूनच."

वहिनींनी स्टीलची वाटी नथूच्या हातात दिली आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

नथूने सवयीने चार थेंब घेतले. चोळले. गार लागलं आणि उडून गेलं, त्या दिवशीसारखंच. रंग बघावा तर स्टीलच्या वाटीत कसला रंग! बंडू कान देऊन बसला होता, मान किंचित पुढे काढून. तो टकटकीची वाट बघत होता.

बेट आहे, म्हणून टाक. पाचात एक लागलं तर लागलं. नाही लागलं तरी बंडूला थोडंच कळणार? खडक, पाऊस, खारा वारा, सगळं पाठ होतं. नथूने तोंड उघडलं आणि त्याला ते बोलवेना. या माणसाला आणखी एक खोटं सांगायचं आणि त्याने ते डोळ्यांच्या जागी लावायचं, हे नथूच्याने होईना. याला खरंच कुठेतरी न्यायला हवं होतं, एकदा तरी. नाक मेलं. पण जीभ? चौपन्न वर्षं कोरी ठेवलेली जीभ, तिच्यात काहीतरी असेल. ती सांगेल.

बापाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. नथूने वाटी उचलली आणि औषध प्यावं तशी एका दमात पिऊन टाकली.

घशातून पोटापर्यंत जाळ गेला. समुद्र नाही, मध नाही, मुलूख नाही, नुसता जाळ. त्याला ठसका लागला. वाटी जमिनीवर पडून गरगरली आणि थांबली.

"नथू?"

ठसका आवरत नव्हता.

"अरे, प्यायलास की काय?" बंडूला हसू फुटलं. "तू? बापाची शपथ मोडलीस? अरे पण नाक असताना तुला प्यायची काय..."

हसू अर्ध्यावर राहिलं. बंडूचे ते विझलेले डोळे नथूच्या जरा डावीकडे बघत होते. आत स्टोव्ह भुरभुरत होता.

"कधीपासून?" बंडूने विचारलं.

"दिवाळीपासून."

बंडूचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकला. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. टाइम ऑफिसात हजेरी मोजायचा तशी त्याने मोजणी केली.

"डबा फाल्गुनात आला," तो म्हणाला.

"हो."

"तू टकटक केलीस."

"केली."

"मी ऐकली होती," बंडू म्हणाला. "दोनदा. नीट ऐकली होती."

नथूला पुष्कळ काही सांगायचं होतं. नोकरीचं, वयाचं, रोज पायरीवर ठरवलेलं, सगळं. "बंडू," एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि तोंडाला दारूचा वास येत असेल, तो आपल्याला कळत नाही आणि बंडूलाही नाही, असं काहीतरी भलतंच त्याच्या मनात आलं.

शशिकलावहिनी दोन कप घेऊन बाहेर आल्या. कपबशीचा आवाज आला तसा बंडूने चेहरा तिकडे वळवला.

"एक कप परत ने," तो म्हणाला. "नथूजी निघालेत."